न मिळालेले पदक आणि बोलण्याचे स्वातंत्र्य

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी. त्यानंतरच्या दिवसांत सुरतेतला एक माणूस माध्यमांना मुलाखती देऊ लागला. आपण इस्रोचे शास्त्रज्ञ आहोत, लँडरचा आराखडा आपणच केला, असे तो सांगत होता. शहराचा माणूस म्हणून त्याचे कौतुक सुरू झाले, तशा शंकाही येऊ लागल्या. पोलिसांनी चौकशी केली आणि महिना संपायच्या आत सुरत गुन्हे शाखेने त्याला अटक केली. त्याने दाखवलेले इस्रोचे नियुक्तिपत्र बनावट आहे, आपल्या शिकवणीला विद्यार्थी मिळावेत म्हणून त्याने हे केले, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुन्हा नोंदला गेला तो तोतयेगिरी करून फसवल्याचा आणि बनावट कागद तयार करून वापरल्याचा.

त्या गुन्ह्यात ‘हा माणूस खोटे बोलला’ असे कलम नव्हते, कारण आपल्या कायद्यात तसे कलमच नाही. समजा, त्याच्याकडे ते पत्र नसते, शिकवणी नसती, कोणाकडून एक रुपयाही घ्यायचा नसता आणि तो फक्त चहाच्या टपरीवर उभा राहून ‘लँडर मी बनवला’ म्हणाला असता, तर पोलिसांनी काय केले असते? अशा वेळी पोलिसांनी काहीही करू नये, असे माझे मत आहे. शास्त्रज्ञाच्या जागी सैनिक आणि लँडरच्या जागी शौर्यपदक ठेवले की हे मत पचायला जड जाते.

लिंबायतमध्ये तर अधिकच जड जाते. लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना हा सुरतेचा पट्टा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या माणसांनी वसवला. उधन्याहून जळगावला जाणाऱ्या तापी मार्गावरच्या गाड्यांनी ही माणसे आली, मागाच्या कारखान्यांत आणि डाइंगच्या मिलांत राबली आणि इथेच राहिली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी, असे त्यांचे जगणे आहे. खान्देशातल्या कितीतरी कुटुंबांत एखादा मुलगा फौजेत असतो आणि दुसरा भरतीसाठी पहाटे पळत असतो. इथे फौजी म्हटला की त्याला बसायला आधी खुर्ची मिळते. म्हणूनच खोटा फौजी इथे नुसता बढाईखोर ठरत नाही. ज्याचा मुलगा सीमेवर आहे, त्या बापाला तो आपला अपमान वाटतो.

हा राग मला योग्य वाटतो. परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला ते लागू केले गेले. तेव्हापासून ते फक्त २१ जणांना मिळाले आणि त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. हे पदक जिवंतपणी मिळवणारे पहिले सैनिक म्हणजे कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्यात, स्वतः जखमी असताना, त्यांनी सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली. पदकाची रचना केली सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने त्या युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या आणि पदकावर त्यांनी इंद्राची चार वज्रे कोरली. अशा पदकाचे नाव कोणी फुकट आपल्या नावापुढे लावले, तर संताप येणारच. पण संताप येणे आणि तुरुंगाची शिक्षा असणे यांत अंतर आहे. हे अंतर किती असावे, यावर जगातला सर्वांत नावाजलेला खटला अमेरिकेत झाला.

जुलै २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी एका पाणीपुरवठा मंडळाची सभा होती. झेवियर अल्वारेझ नावाच्या नव्या सदस्याने स्वतःची ओळख करून दिली. आपण २५ वर्षे मरीन दलात होतो, २००१ साली निवृत्त झालो, १९८७ साली आपल्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले, असे तो म्हणाला. अमेरिकेचा हा सर्वोच्च लष्करी सन्मान. अल्वारेझ एक दिवसही फौजेत नव्हता. आपण व्यावसायिक हॉकी खेळलो, एका मेक्सिकन अभिनेत्रीशी लग्न केले, असेही तो सांगत असे आणि तेही खोटेच होते. त्या सभेत त्याला या थापांतून पैसा मिळाला नाही, पद तर आधीच मिळाले होते. पण २००६ मध्ये अमेरिकेने ‘स्टोलन व्हॅलर’ कायदा केला होता. लष्करी पदक मिळाल्याचे खोटे सांगणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरला होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आणि मेडल ऑफ ऑनरच्या बाबतीत एक वर्षापर्यंत. अल्वारेझवर त्याच कायद्याखाली खटला भरला गेला.

२८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द केला. अल्वारेझ खोटे बोलला, याबद्दल एकाही न्यायमूर्तीला शंका नव्हती. न्यायमूर्ती केनेडी यांचा आक्षेप वेगळाच होता. हा कायदा सभेतल्या भाषणाला लागू होता, तसाच स्वयंपाकघरात मारलेल्या थापेलाही. त्या थापेने कोणाचे नुकसान झाले का, बोलणाऱ्याला काही मिळाले का, हे तो विचारतच नव्हता. सरकारला एका विषयावरचे खोटे केवळ खोटे आहे म्हणून दंडनीय करता आले, तर उद्या विषयांची यादी कुठे थांबणार, हा त्यांचा प्रश्न होता. केनेडींनी उपायही सुचवला. खोट्याला उत्तर खऱ्याने द्यावे, सरकारने पदकविजेत्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. अल्वारेझची थाप उघडी पडली आणि त्याची नाचक्की झाली, ती खटल्यामुळे नव्हे.

न्यायमूर्ती ब्रायर यांचे मत मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यात माणसाच्या रोजच्या जगण्याची जाण आहे. माणसे लाज झाकायला खोटे बोलतात, पूर्वग्रहापासून वाचायला बोलतात, आजारी माणसाला धीर द्यायला बोलतात. अशा सगळ्या खोट्यावर सरकारी वकिलाची नजर बसवली तर तो वकील कोणाला आधी पकडेल, हे त्याच्या मर्जीवर राहते. लिंबायतच्या वाचकाला हे वेगळे समजावायला नको. खोली भाड्याने घेताना ‘आम्ही दोघेच राहणार’ म्हणणारा कामगार, जात विचारली की विषय बदलणारी बाई, गावी पगाराचा आकडा वाढवून सांगणारा पोरगा, हे सगळे खोटेच बोलतात. खोटे बोलणे हाच गुन्हा ठरला तर तो कायदा मोठ्या थापाड्याआधी या माणसांच्या दारात येईल.

न्यायमूर्ती अलिटो आणि त्यांचे दोन सहकारी विरोधात होते. अशा थापेने खऱ्या विजेत्याच्या पदकाची किंमत उतरते आणि तिचा समाजाला कसलाही उपयोग नाही, हे त्यांचे म्हणणे हलके नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने नवा कायदा केला आणि ३ जून २०१३ रोजी ओबामांनी त्यावर सही केली. त्यात एक अट वाढली: पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस लाभ मिळवण्याच्या हेतूने थाप मारली असेल, तरच गुन्हा. आधीच्या कायद्यात न मिळालेले पदक अंगावर लावणेही दंडनीय होते, ते नव्या कायद्यातून गळले. २०१६ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने पदक अंगावर लावणे हेही एक प्रकारचे बोलणेच आहे, असे ठरवले.

आपल्याकडे वाट निराळी आहे. राज्यघटनेच्या १९(१)(क) अनुच्छेदाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि १९(२) ने त्यावर मर्यादा घातल्या. देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी, एवढीच ती कारणे. ‘खोटेपणा’ हा शब्द त्या यादीत नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले, तेव्हा मर्यादा या यादीतच बसली पाहिजे, हे पुन्हा ठसले. मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न आणखी थेट आला. सरकारी कामकाजाविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे केंद्राच्या सत्यशोधन कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांची मते वेगळी पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी पटेल यांच्या बाजूने कौल दिला आणि तो नियम गेला.

मग खोट्या फौजीला आपला कायदा मोकळा सोडतो का? सोडत नाही, पण त्याला धरतो तो वेगळ्या जागी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १६८ वे कलम सांगते की, सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक नसताना, लोकांनी आपल्याला तसे समजावे या हेतूने त्यांच्यासारखा पोशाख घातला किंवा खूण बाळगली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच १४० वे कलम होते आणि दंड पाचशे रुपये. कलमाचा सगळा भार ‘या हेतूने’ या शब्दांवर आहे. गणपतीच्या देखाव्यात कारगिल उभे करणारी मुले, १५ ऑगस्टला शाळेत छोटा जवान होऊन येणारे पोर, नाटकातला सुभेदार, यांच्यापैकी कोणीही या कलमात सापडत नाही. कमिशन्ड अधिकारी हा कायद्याच्या भाषेत लोकसेवक असतो. आपण तसे अधिकारी आहोत असे भासवून त्या अधिकाराच्या नावाखाली काही केले, तर २०४ वे कलम लागते आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत जाते. तोतयेगिरीने फसवले तर ३१९ वे कलम आणि पाच वर्षांपर्यंत कैद. नुसती तोंडाने मारलेली बढाई यांपैकी कशातच बसत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला समोरच्याकडून काहीतरी काढून घेतलेले किंवा त्याचे नुकसान झालेले दाखवावे लागते.

सुरतेत पोशाखाचा मुद्दा थोडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण हे कापडाचे शहर आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातले सर्वांत मोठे केंद्र सुरत. ठिपक्या-ठिपक्यांचे लष्करी धाटणीचे कापड छापणे इथल्या गिरणीला अवघड नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी वेशात आले होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना तसे कपडे न वापरण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तयार केलेला नवा लढाऊ गणवेश समोर आला आणि त्याच वर्षी लष्कराने त्या नक्षीची नोंदणी करून घेतली. नोंदणीकृत नक्षीचा हक्क आधी दहा वर्षे आणि पुढे पाच वर्षे वाढवून मिळतो. परवानगीशिवाय ती नक्षी छापणाऱ्यावर आता दावा होऊ शकतो. घालणाऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करत बसण्यापेक्षा छापणाऱ्याचा रूळ थांबवणे सोपे, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो. रिंग रोडच्या व्यापाऱ्यांनी आणि पांडेसऱ्याच्या मिलवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खोट्या सन्मानाने नुकसान कसे होते, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण बीडचे आहे. केंद्राने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले आणि १९८० साली त्याला सन्मान योजनेचे रूप दिले. साधारण अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची किंवा तेवढ्या काळाच्या भूमिगत कार्याची. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मात्र कितीतरी कार्यकर्ते तुरुंगात गेलेच नव्हते. ते निजामाच्या हद्दीबाहेरच्या सीमेवरील शिबिरांत राहून काम करत होते. तुरुंगाची नोंद असते, शिबिरात शिदोरी पोचवणाऱ्याची कुठून असणार? म्हणून जाणत्या स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र पुरावा मानले गेले. ही सवलत अगदी न्याय्य होती आणि तिच्यातूनच बोगस माणसे आत शिरली. बीड जिल्ह्यात खोट्या प्रमाणपत्रांवर निवृत्तिवेतन घेतल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या, निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकर यांच्या आयोगाने प्रकरणे तपासली. २००५ मध्ये भाऊराव दगडू परळकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खऱ्या स्वातंत्र्यसैनिकांचा आदर झालाच पाहिजे, पण लढ्यात नसलेल्यांना त्याचा फायदा मिळता कामा नये, अशी भूमिका घेतली.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट पैशांची नाही. चौकशी लागली की खऱ्या म्हाताऱ्यालाही कागद घेऊन उभे राहावे लागते. रझाकारांच्या काळात ज्याने जीव धोक्यात घातला, त्याला पन्नास वर्षांनी ‘तुम्ही खरे कशावरून?’ हे ऐकावे लागणे, ही खोट्या दावेदाराने केलेली सर्वांत मोठी चोरी. माजी सैनिकांच्या राखीव जागांचेही तसेच आहे. केंद्राच्या गट ‘क’ पदांत १० टक्के आणि गट ‘ड’ पदांत २० टक्के जागा त्यांच्यासाठी असतात. बनावट डिस्चार्ज बुकावर एक माणूस आत गेला की एक खरा जवान बाहेर राहतो. इथे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. अशा माणसाला कडक शिक्षा व्हावी.

खोट्या वीराचा दावा किती दूर जाऊ शकतो, हे पेशवाईने पाहिले आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलेच नाही. सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने ‘मीच भाऊ’ म्हणून दावा मांडला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी होऊन त्याला कैदेत टाकले गेले. १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला आणि कोकणात त्याने फौज जमवली, किल्ले घेतले. वर्ष सरता सरता तो पकडला गेला आणि पुण्यात पुन्हा चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले. पुणे दरबाराने दोन्ही वेळा आधी ओळख पटवण्याची चौकशी केली, मग शिक्षा दिली, याला मी महत्त्व देतो. भाऊंना ओळखणारी माणसे हयात होती, त्यांना विचारले गेले. देहान्ताची शिक्षा होती ती त्याने उभारलेल्या बंडाची.

आज ओळख पटवायला पुण्यापर्यंत जावे लागत नाही. शौर्यपदके वर्षातून दोनदा, प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी जाहीर होतात आणि भारताच्या राजपत्रात छापली जातात. संरक्षण मंत्रालयाने शौर्यपदक विजेत्यांचे खास संकेतस्थळ ठेवले आहे. नाव, तुकडी, वर्ष, प्रसंग, सारे तिथे सापडते. केनेडींनी २०१२ मध्ये अमेरिकेला जे करायला सांगितले, ते आपल्याकडे उपलब्ध आहे, फक्त कोणी उघडून पाहत नाही. माजी सैनिकाकडे डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश असतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र असते. खरा फौजी हे दाखवायला कधी लाजत नाही, कारण छावणीच्या फाटकावर आयुष्यभर ओळखपत्र दाखवण्याची त्याला सवय असते.

लिंबायतच्या घरांना दोन फसवणुकींचा धोका सर्वांत जास्त आहे. पहिली भरतीची. ‘मी सुभेदार आहे, वरपर्यंत ओळख आहे, पोराला अग्निवीर करतो’ म्हणून लाख-दोन लाख मागणारा माणूस. अग्निवीराची भरती ऑनलाइन अर्ज, लेखी परीक्षा, मैदानी आणि वैद्यकीय चाचणी अशीच होते, तिथे ओळखीला जागा नाही. दुसरी फसवणूक मोबाइलवरची. जुनी दुचाकी किंवा फर्निचर स्वस्तात विकणारा कोणी स्वतःला जवान म्हणवतो, बदली झाली म्हणतो, गणवेशातला फोटो आणि कँटीनचे कार्ड पाठवतो आणि आगाऊ पैसे किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. तो फोटो बहुधा दुसऱ्याच कोणाचा चोरलेला असतो. पैसे मिळवायला कोड स्कॅन करावा लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवावे.

एक विनंती मंडळांना आणि समाजाच्या संस्थांना. २६ जानेवारीला कोणाचा सत्कार ठरवाल तेव्हा पत्रिका छापण्याआधी राजपत्रातले नाव पाहून घ्या. नाव नसेल तर त्या माणसाला बाजूला घेऊन सांगा आणि सत्कार करू नका. त्याने कोणाकडून पैसे घेतले नसतील, नोकरी किंवा निवृत्तिवेतन लाटले नसेल, गणवेश घालून कोणाला फसवले नसेल, तर पोलिसांत जाऊ नका, तेवढीच नामुष्की त्याला पुरे आहे. आणि घेतले असतील, तर त्याच दिवशी लिंबायत पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या, मग तो तुमच्या गावचा असो, तुमच्या भाऊबंदांतला असो की तुमच्याच मंडळाचा अध्यक्ष असो.